एका दिवसाची वाट : फातिमा आणि कोइंब्रा



लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात एका यात्रेची हकिकत आहे. वल्हांडण सणासाठी जेरुसलेमला गेलेले नाझरेथचे कुटुंब परत निघते, बारा वर्षांचा येशू मागेच राहतो, आणि तो सोबतच्या मंडळीत असेलच असे समजून मरिया व योसेफ एका दिवसाची वाट चालून जातात. मंडळी मोठी होती, वाट ओळखीची होती. कदाचित म्हणूनच तो सोबत नाही हे लवकर ध्यानी आले नाही. पुढे तो सापडला तो मंदिरात, गुरुजनांमध्ये बसून त्यांचे ऐकताना व त्यांना प्रश्न विचारताना.

हल्ली आपल्यापैकी पुष्कळांना युरोपच्या यात्रेचा योग येतो. कुणी वसई-मुंबईहून निघतात, कुणी बडोदा, इंदूर, बंगळूर येथून. त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत पोर्तुगालच्या वाट्याला बहुधा दोन-तीनच दिवस येतात आणि त्यांतील एक दिवस असा असतो : सकाळी लिस्बन किंवा पोर्तो शहरातून बसने निघायचे, मार्गदर्शकाच्या सोबतीने फातिमाचे तीर्थस्थान आणि कोइंब्रा हे विद्यापीठाचे शहर पाहायचे व दिवेलागणीस मुक्कामी परतायचे. ही दोन ठिकाणे एकत्र का, असे विचारल्यास मार्गदर्शक सांगतो की लिस्बनहून पोर्तोकडे जाणाऱ्या एकाच महामार्गावर ती पडतात. उत्तर खरे आहे. परंतु या दोन स्थळांना जोडणारा आणखी एक धागा आहे, तो एका मेंढपाळ मुलीच्या आयुष्याचा. तो हाती असला तर हा दिवस निव्वळ धावपळीचा राहत नाही. या पाठात तोच धागा धरून आपण सकाळपासून संध्याकाळपर्यंत जाऊ. बसमध्ये बसल्यावर वर सांगितलेला शुभवर्तमानातील भाग (लूक २ : ४१-५२) एकदा वाचावा, एवढीच पूर्वतयारी पुरे.

फातिमाची सकाळ

निवड आपल्या हाती असल्यास फातिमा आधी ठेवावे. लिस्बनहून सुमारे दीड तासाचा रस्ता आहे. बसमधून उतरताच समोर एक अफाट पटांगण दिसते. एका टोकाला 1953 साली अर्पण झालेली जपमाळेच्या मातेची बॅसिलिका व तिचा 65 मीटर उंचीचा मनोरा, दुसऱ्या टोकाला 2007 साली अर्पण झालेली पवित्र त्रैक्याची नवी, वर्तुळाकार बॅसिलिका. प्राचीन मंदिरांची सवय असलेल्या भारतीय यात्रिकाला प्रथमदर्शनी थोडे निराश वाटण्याचा संभव आहे. येथे जुने असे जवळजवळ काहीच नाही. 1917 साली हे कोवा दा इरिया नावाचे माळरान होते आणि लुसियाच्या आईवडिलांची ती जमीन होती. फातिमा हे गावाचे नाव मात्र जुने व अरबी आहे. त्या भूमीवर एके काळी मुसलमानांची सत्ता होती, त्या काळाची ती खूण होय.

दर्शनांची कथा आपणांस ठाऊक असेल. 13 मे 1917 रोजी दहा वर्षांची लुसिया आणि तिची मामे-आते भावंडे फ्रान्सिस्को व जसिंता मेंढरे चारीत असता एका लहान झुडपावर त्यांना तेजस्वी स्त्री दिसली. त्यानंतर ऑक्टोबरपर्यंत दर महिन्याच्या 13 तारखेस तिने त्यांना तेथे बोलाविले. ऑगस्टमध्ये मात्र त्या दिवशी तालुक्याच्या प्रशासकाने मुलांना आपल्या ताब्यात ठेवले, त्यामुळे ते दर्शन 19 तारखेस व्हालिन्योश येथे झाले. 13 ऑक्टोबरला पावसात चिंब भिजलेल्या हजारो लोकांच्या समुदायाने सूर्याचे विलक्षण दृश्य पाहिल्याचे सांगितले, आणि ख्रिस्तसभेला अनुकूल नसलेल्या ‘ओ सेकुलो’ या लिस्बनच्या दैनिकानेही त्याचा वृत्तान्त छापला. लैरियाच्या बिशपांनी चौकशी करून 13 ऑक्टोबर 1930 रोजी ही दर्शने विश्वासार्ह असल्याचे जाहीर केले.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण आपल्या वाचकांत निरनिराळ्या पंथांचे बंधुभगिनी आहेत व कॅथोलिकांच्या मनातही याविषयी गोंधळ असतो. असे दर्शन ख्रिस्तसभेने मान्य केले म्हणजे ते श्रद्धेचा विषय म्हणून सर्वांवर बंधनकारक ठरते असे नव्हे. ते खाजगी प्रकटीकरण होय. शुभवर्तमानात भर घालणे हे त्याचे काम नाही; शुभवर्तमानातील हाकेकडे एखाद्या काळाचे लक्ष वेधणे एवढेच त्याचे प्रयोजन. फातिमाचा संदेश प्रार्थना, पश्चात्ताप व पाप्यांच्या परिवर्तनासाठी त्याग असा आहे. हे आपण बायबलात अनेकदा वाचलेलेच आहे.

तो काळ ध्यानी घ्यावा. 1910 साली पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले. धर्मसंघांना देशाबाहेर घालवण्यात आले, आणि आपण दुपारी ज्या कोइंब्रा विद्यापीठात जाणार आहोत तेथील ईशज्ञानाची विद्याशाखा बंद करून 1911 साली तिच्या जागी साहित्याची विद्याशाखा उघडण्यात आली. श्रद्धा ही अडाण्यांची व ज्ञान हे पुरोगाम्यांचे, अशी वाटणी सुशिक्षित वर्गाने करून टाकली होती. महायुद्ध चालू होते, पोर्तुगीज तरुण फ्रान्सच्या खंदकांत मरत होते, आणि खेड्यांतील बहुतेक माणसांना अक्षरओळख नव्हती. लुसियाही निरक्षर होती.

आता 13 जूनच्या दर्शनाकडे पाहावे. तो संत अंतोनीचा सण. गावात उत्सव होता आणि मुलगी खोटे बोलते आहे अशी खात्री असलेल्या आईला वाटत होते की उत्सवाच्या नादात ती हे खूळ विसरेल. लुसिया माळावर गेली. त्या दिवशी पवित्र मातेने तिला जे सांगितले त्यात रोज जपमाळ करण्याबरोबर आणखी एक आज्ञा होती : वाचायला शीक. धर्मग्रामाच्या धर्मगुरूंनी त्याच सुमारास केलेल्या टिपणांतही हे आले आहे. रहस्ये, सूर्य, युद्धाची भाकिते यांवर शेकडो पुस्तके निघाली. या साध्या आज्ञेवर मात्र फार थोडे बोलले जाते, आणि माझ्या मते आजच्या दिवसाची किल्ली तीच आहे. शाळेत शिकलेले लोक देवाला विसरले म्हणून मुलांना शाळेपासून दूर ठेवा, असे त्या स्त्रीने म्हटले नाही. मेंढपाळ मुलीने अक्षरे गिरवावीत अशी तिची इच्छा होती.

तिन्ही मुलांना एकच वाट दिली गेली नाही, हेही लक्षात घ्यावे. आपण लवकरच स्वर्गात जाणार हे कळल्यावर फ्रान्सिस्को शाळा चुकवून गावच्या मंदिरात पवित्र साक्रामेंतासमोर बसून राही. त्याच्या लेखी वाचन शिकण्यात आता अर्थ नव्हता. तो 4 एप्रिल 1919 रोजी व जसिंता 20 फेब्रुवारी 1920 रोजी वारली. जगभर पसरलेल्या फ्लूच्या साथीने दोघांनाही गाठले होते. 13 मे 2017 रोजी पोप फ्रान्सिस यांनी दोघांना संतपद दिले. हुतात्मा नसलेल्या संतांमध्ये इतक्या लहान वयाचे दुसरे कुणी नाही.

मार्गदर्शकाने फातिमासाठी दोन-तीन तास दिले तर ते कसे वापरावेत? दर्शनमंदिरापासून सुरुवात करावी. 1919 साली लोकांनी बांधलेले हे लहानसे मंदिर 1922 च्या मार्चमध्ये सुरुंग लावून उडवण्यात आले होते व पुन्हा उभारले गेले. ज्या झुडपावर दर्शन झाले ते आता नाही, भाविकांनी डहाळी-डहाळी करून ते नेले. त्या जागेवर एका स्तंभावर मातेची मूर्ती आहे. 13 मे 1981 रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर रोममध्ये झाडलेल्या गोळ्यांपैकी एक या मूर्तीच्या मुकुटात बसवली आहे, परंतु तो मुकुट रोज मूर्तीवर नसतो. खास दिवशीच तो चढवतात. तेथे निदान अर्धा तास शांत बसावे. छायाचित्रे नंतर काढता येतात.

पटांगणातून गुडघ्यांवर चालत येणारी माणसे दिसतील. शेजारी मेणबत्त्यांच्या ज्वाळा एकत्र होऊन भडकत असतात आणि विक्रीस मेणाचे हात, पाय, मस्तक, तान्हे मूल मांडलेले असते. वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेला गेलेल्या माणसाला हे पाहून आपल्या घरी आल्यासारखे वाटेल. सुशिक्षित यात्रिक येथे किंचित संकोचतो. त्याने संकोचू नये, आणि हसूही नये. आजारी लेकराचा पाय मेणात घडवून देवापुढे ठेवणारी आई त्या क्षणी प्रार्थनाच करीत असते. मात्र तो नवस सौद्याच्या पातळीवर उतरला तर जागे करणे हे धर्मशिक्षकांचे काम आहे. त्या पटांगणात तो अधिकार पाहुण्याचा नव्हे.

नंतर जुन्या बॅसिलिकेत जाऊन तिन्ही भावंडांच्या कबरींपाशी थांबावे. वेळ उरल्यास सुमारे दोन किलोमीटरवरील आल्जुस्त्रेल ही वाडी पाहावी. लुसियाचे बुटके, अंधाऱ्या खोल्यांचे घर तेथे जपले आहे. त्या घरात काय सोसले गेले याची कल्पना दुकानांच्या गर्दीतून येत नाही. कोवा दा इरियातील त्यांची भाजी व पिके लोकांच्या पायांखाली तुडवली गेली आणि घरात त्याचा दोष लुसियावर आला. आई तिला केरसुणीने मारी. ही आई दुष्ट नव्हती. ती वाचू शकणाऱ्या थोड्यांपैकी एक होती, शेजारच्या मुलांना धर्मशिक्षण देई, आणि खोटे बोलणे हे पाप आहे असे मानणारी ती प्रामाणिक स्त्री होती. आपल्या लेकराच्या बाबतीत देव काय करतो आहे हे न समजलेली ती पहिली आई नव्हे. लूकने सांगितलेल्या हकिकतीत मरियेलाही येशूचे उत्तर त्या वेळी उमगले नव्हते.

एका दिवसाच्या सहलीत जे हुकते तेही सांगितले पाहिजे. फातिमाचे खरे रूप रात्री दिसते. जपमाळेनंतर हाती पेटत्या मेणबत्त्या घेऊन लोक पटांगणातून मिरवणुकीने निघतात, तेव्हा आपली बस केव्हाच निघून गेलेली असते. ज्यांना शक्य आहे त्यांनी एक रात्र तेथेच काढावी. मे ते ऑक्टोबर या महिन्यांत 12 व 13 तारखेस मात्र इतकी गर्दी असते की निवांत प्रार्थनेस वाव मिळणे कठीण.

कोइंब्राची दुपार

फातिमाहून उत्तरेस तासाभराच्या अंतरावर मोंदेगु नदीच्या काठी, टेकडीवर कोइंब्रा वसले आहे. राजा दिनिस याने 1290 साली लिस्बनमध्ये विद्यापीठ स्थापले, 1308 साली ते कोइंब्रास आले, मध्यंतरी परत गेले आणि 1537 पासून येथे स्थिरावले. राजवाडाच विद्यापीठाला मिळाला. 2013 पासून हा परिसर जागतिक वारशाच्या यादीत आहे. काळे झगे पांघरलेले विद्यार्थी आजही दिसतात.

सहलीतील बहुतेकांचा ओढा जोआनिना ग्रंथालयाकडे असतो, आणि तो योग्यच आहे. राजा जुआंव पाचवा याच्या काळात 1717 ते 1728 या वर्षांत ते बांधले गेले. म्हणजे फातिमाच्या दर्शनांच्या बरोबर दोनशे वर्षे आधी त्याचा पाया पडला. तीन दालने, सोनेरी मुलाम्याचे लाकूडकाम, छतापर्यंत ग्रंथ. या ग्रंथांचे राखणदार मोठे मजेदार आहेत : लहान वटवाघळे रात्री बाहेर पडून पुस्तके खाणारे किडे टिपतात, आणि त्यांची घाण मेजांवर पडू नये म्हणून संध्याकाळी कर्मचारी मेजांवर कातडी आच्छादने पसरतात. प्रवेश ठराविक वेळेचा असतो. तिकिटावरील वेळ चुकल्यास मार्गदर्शकही काही करू शकत नाही. खालच्या मजल्यावर विद्यापीठाची जुनी कोठडी आहे. उनाड विद्यार्थ्यांना तेथे डांबीत.

ग्रंथालय पाहून झाल्यावर आपण भारतीयांनी पलीकडच्या नव्या कॅथीड्रलपाशी जरूर थांबावे. नाव नवे असले तरी ते मूळचे येशूसंघीयांचे मंदिर, 1598 साली बांधावयास घेतलेले. संत फ्रान्सिस झेवियर 1541 साली लिस्बनहून भारताकडे निघाले. त्यांचे सोबती सिमांव रोद्रिगेश पोर्तुगालमध्ये राहिले आणि 1542 साली त्यांनी कोइंब्रात येशूसंघाचे महाविद्यालय सुरू केले. पूर्वेकडे धाडल्या गेलेल्या कित्येक धर्मप्रचारकांची घडण तेथे झाली. तामिळनाडूत ओरियूर येथे 1693 साली हुतात्मा झालेले संत जॉन द ब्रिटो हे कोइंब्रात शिकलेले. झेवियर यांनी स्वतः 1544 साली कोचीनहून युरोपात पाठवलेल्या पत्रात, पॅरिससारख्या विद्यापीठांत जाऊन तेथील विद्वानांना हाका मारून जागे करावे असे आपल्याला वारंवार वाटते, असे लिहिले होते. विद्या त्यांना नकोशी नव्हती. ती कुणाच्या कामी येते, हा त्यांचा प्रश्न होता. 1759 साली येशूसंघाला पोर्तुगालमधून हाकलले गेले आणि 1772 साली हे मंदिर कॅथीड्रल झाले.

तेथून खाली उतरणाऱ्या एका पायऱ्यांच्या वाटेचे नावच ‘पाठमोडी’ अशा अर्थाचे आहे. वयस्करांनी ते गंभीरपणे घ्यावे व उतरताना कठड्याचा आधार सोडू नये. खाली सांता क्रूझ हा 1131 साली स्थापन झालेला मठ आहे, आणि येथे सकाळच्या सणाचे संत अंतोनी आपल्याला पुन्हा भेटतात. आपण त्यांना पादुआचे म्हणतो. परंतु त्यांचा जन्म लिस्बनचा व अभ्यास याच मठातला. 1220 साली मोरोक्कोत मारल्या गेलेल्या पाच फ्रान्सिस्कन बंधूंचे अवशेष या मठात आणले गेले. तरुण विद्वानाने ते पाहिले आणि त्याचे मन पालटले. ग्रंथ व प्रतिष्ठा असलेला मठ सोडून त्याने फ्रान्सिस्कनांचा जाडाभरडा झगा पत्करला. त्याच्या विद्येचा मात्र त्याग झाला नाही. पुढे फ्रान्सिस्कन बंधूंना ईशज्ञान शिकवण्याचे काम संत फ्रान्सिस यांनी त्यालाच सोपवले.

एकाच दिवसात या दोन वाटा आपण पाहिल्या : पुस्तकांतून उठून गरिबांत गेलेला पंडित, आणि त्याच्याच सणाच्या दिवशी मेंढरांतून उठून पुस्तकाकडे धाडलेली मुलगी. आपल्या घरांतही ही दोन्ही माणसे असतात. मुंबई-पुण्यात शिकून आलेला मुलगा आजीच्या जपमाळेकडे सौम्य हसून पाहतो, आणि आजीला वाटते की शिक्षणाने पोर वाया गेले. दोघेही मंडळीसोबत चालत असतात. येशू आपल्याच घोळक्यात आहे असे दोघेही धरून चाललेले असतात. एकमेकांना प्रश्न विचारावा असे दोघांनाही वाटत नाही.

नदीपलीकडे टेकडीवर नव्या सांता क्लारा मठाची लांबच लांब इमारत दिसते. विद्यापीठ स्थापणाऱ्या दिनिस राजाची राणी संत इसाबेल हिचा देह तेथे चांदीच्या पेटीत आहे. ओच्यातून गरिबांसाठी नेलेल्या भाकऱ्यांचे गुलाब झाल्याची तिची कथा सांगितली जाते. अशीच कथा तिच्या नात्यातील हंगेरीच्या संत एलिझाबेथविषयीही आहे. तेव्हा गुलाबांबद्दल वाद न घालता भाकऱ्यांकडे पाहणे बरे.

कार्मेलची भिंत

बहुतेक बसगाड्या जेथे थांबत नाहीत ते ठिकाण शेवटी सांगतो. विद्यापीठाच्या टेकडीवरून पायी जाता येईल इतक्या अंतरावर संत तेरेझाचा कार्मेल मठ आहे. मार्गदर्शकाकडे आगाऊ विनंती केल्यास तो वाट दाखवतो. मोकळ्या तासात कॉफी व खरेदी यांऐवजी तेथे जाता येईल.

1921 साली लुसियाला पोर्तोजवळ धर्मभगिनींच्या शाळेत ठेवले गेले. तेथे तिला दुसरे नाव दिले होते आणि फातिमाविषयी बोलण्यास मनाई होती. तेथेच तिचे शिक्षण खऱ्या अर्थाने झाले. पुढे ती स्पेनमध्ये डोरोथीन भगिनी झाली. 1935 साली जसिंताची शवपेटी उघडण्यात आली, तेव्हा बिशपांनी लुसियाला त्या मुलीविषयी आठवते ते लिहून काढण्यास सांगितले. तिने लिहिले, आणि मग 1937 व 1941 साली आणखी लिहिले. 3 जानेवारी 1944 रोजी तुय येथे, मनाशी दीर्घकाळ झगडून, तिने त्या तथाकथित रहस्याचा तिसरा भाग कागदावर उतरवला. तो 2000 साली प्रसिद्ध झाला. अंतोनीच्या सणाच्या दिवशी दिलेली ती आज्ञा नसती तर फ्रान्सिस्को व जसिंता यांच्याविषयी आज आपल्याला जे माहीत आहे त्यातील बरेचसे कुणाला कळलेच नसते.

1948 च्या मार्चमध्ये तिने कोइंब्राच्या या कार्मेलमध्ये प्रवेश केला आणि 13 फेब्रुवारी 2005 रोजी वयाच्या 97 व्या वर्षी येथेच तिचे निधन झाले. जवळजवळ सत्तावन वर्षे ती या भिंतीआड होती. बाहेर विद्यापीठाची घंटा तासांची मोजणी करी, परीक्षा होत, सरकारे बदलत, आणि आत एक वृद्ध भगिनी प्रार्थना, बागकाम व पत्रांना उत्तरे लिहिणे यांत दिवस घालवी. 2006 साली तिचा देह फातिमाच्या बॅसिलिकेत नेण्यात आला. सकाळी आपण ज्या कबरीपाशी थांबलो होतो ती हीच. 22 जून 2023 रोजी पोप फ्रान्सिस यांनी तिला ‘आदरणीय’ ठरवले.

मठाच्या आवारात तिच्या वस्तूंचे लहानसे स्मारक-दालन आहे. मठ मात्र बंदिस्तच आहे; तेथील भगिनी दिसत नाहीत. मंदिरात शिरून एक दशक म्हणण्यापुरता वेळ मिळतो. मग बसची वेळ होते, आणि खाली नदीकाठी मार्गदर्शक पुन्हा माणसे मोजू लागतो.